बीच हिलचं सहाशे पौंडी चीज

बीच हिलचं पोस्ट, म्हणजे पोस्टमास्तरकी, मिळाली असती तर असाएल बर्डिकच्या पदरात काय काय पडणार होतं, ते त्याने माझ्या दुकानात, माझ्याच पिंपाच्या बुडावर खडूने लिहून दाखवलं होतं. एक, पत्रं फुकट. त्याला वर्षात दोन पत्रं यायची, दोन्ही मेव्हण्याची, आणि दोन्हींत पाऊस पडल्याची किंवा न पडल्याची बातमी असायची. दोन, शहरातलं वर्तमानपत्र सगळ्या गावाच्या आधी वाचायला. तीन, ज्याला पत्र हवं त्याने बर्डिकच्या ओसरीवर टोपी काढून उभं राहायचं, मग तो चर्चचा डीकन पेक का असेना. चार, मिलिशियाच्या, म्हणजे गावच्या हौशी फौजेच्या, कवायतीतून कायमची सुटका. चौथी गोष्ट त्याने सगळ्यांत बारीक अक्षरात लिहिली होती. मी ओळखलं, खरी तीच.

लाकूडतोडीत मॅपलचं एक झाड त्याच्या कमरेवर आलं होतं, तेव्हापासून त्याचा डावा पाय पावलागणिक बाहेर फेकला जायचा. दर सप्टेंबरला गावातले सगळे धडधाकट गडी गवताच्या मैदानात रांगेने उभे राहत आणि कॅप्टन म्हणून निवडून आलेला खानावळवाला लायमन स्टॉडर्ड ओरडत असे, "बर्डिक, आमच्याबरोबर चाल, एकटा कुठे निघालास?" पोरीबाळी हसत. असाएलही हसत असे. घरी आला की दोन दिवस बोलत नसे.

मी टिलटसन, गावची पिंपं, बादल्या, चीज दाबायच्या चौकटी करणारा. ज्याला काही टिकवून ठेवायचं असतं तो माझ्याकडे येतो, आणि लाकूड सुकेपर्यंत थांबतो. थांबलेला माणूस बोलतो. मी दोरी आवळत ऐकतो.

त्या वर्षीचा हिवाळा आमच्या टेकडीने नुसत्या बातम्यांवर काढला होता. साउथ कॅरोलायनाने जाहीर केलं की परदेशी मालावरचा कर आम्ही वसूल होऊ देणार नाही, तो कायदा आमच्या राज्यात रद्द, आणि जबरदस्ती केलीत तर आम्ही वेगळे. राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे आमच्या जनरलसाहेबांनी, उलट बजावलं की वेगळं होणं म्हणजे राजद्रोह. आम्ही छातीभर बर्फातून वाट काढत लायमनच्या खानावळीत जमायचो आणि साउथ कॅरोलायनाला शिव्या द्यायचो. तिथला एकही माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे रागाला काही आडकाठीच नव्हती. म्हाताऱ्या एनॉस वेबने तर बंदूकही तेल लावून ठेवली. मग मार्चमध्ये दोन्हीकडच्यांनी थोडं थोडं मागे घेतलं आणि प्रकरण मिटलं. तापलेली भट्टी तशीच, आणि घाव घालायला लोखंड नाही, अशी आमची गत झाली.

त्यात शेजारच्या फेअरब्रुकवाल्यांनी जनरलला हिकरीच्या लाकडाची कोरीव काठी पाठवली, आणि कर्नल रॅन्समनी जाहीर सभेत त्यांचं कौतुक केलं. आमच्या भागातलं प्रत्येक पोस्ट कर्नल रॅन्समच्या शिफारशीवर मिळायचं.

मे महिन्यात खानावळीत असाएल उठून उभा राहिला. पाय लपवायला त्याने बाकाचा आधार घेतला होता.

"काठी कोणीही पाठवील," तो म्हणाला. "आपण चीज पाठवू. ऐक्याचं चीज. चोवीस राज्यं, एक चीज. चारशे पौंडांचं."

खोली घुमली. मग टेबलामागून लायमन म्हणाला, "चारशे? फेअरब्रुकवाले हसतील. सहाशे म्हणा."

लायमनलाही पोस्ट हवं होतं, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. सहाशेचं चीज जमलं तर आकडा त्याचा, फसलं तर कल्पना असाएलची. पण लोक एवढे पेटले होते की सहाशेच्या खाली कुणी ऐकेना. एनॉसने आठशे म्हणून पाहिलं, त्याला खाली बसवलं. तिथल्या तिथे अडतीस जणांची कमिटी झाली.

दुसऱ्या दिवशी चौकटीचं माप घ्यायला मी बर्डिकच्या घरी गेलो. असाएलची बायको थँकफुल गोठ्यात दूध काढत होती. टेकडीवर चीज म्हणजे थँकफुल, यावर विरोधी पक्षाचंही दुमत नव्हतं. तिची बोटं सांध्यांत जाड झालेली, पण विरजण लागलं की नाही ते ती अजून करंगळी बुडवून सांगायची.

"सहाशे," ती म्हणाली. गायीच्या कुशीला डोकं टेकवलेलं, धार चालूच. "जनरलवाल्यांच्या गायी किती?"

"एकशे दहा," असाएल अभिमानाने म्हणाला.

"जूनच्या गवतावर एका गायीचं दिवसाला दोन पौंड चीज होतं. पहिल्या दिवशीचा चक्का थंड झऱ्यावर ठेवता येईल, म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो आंबतो. चारशे चाळीस झाले. बाकीचं?"

"लोकांचा उत्साह बघ तरी."

"उत्साह दाबला की त्यातून काय निघतं? चौकट पुरी भरली नाही तर दाब बसत नाही, असाएल. दाब बसला नाही तर आतून सडतं. तू चारशे म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो."

"मग सहाशे कोण म्हणालं?"

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला कँडेस होती, ती खुदकन हसली. कँडेस व्हॅन अल्स्ट बर्डिककडे मजुरीला होती. खालच्या खोऱ्यात डच जमीनदार व्हॅन अल्स्टच्या घरी ती जन्मली, त्याची मालमत्ता म्हणून. त्याच्या सहा वर्षं आधी चार जुलैला आमच्या राज्याने सगळ्या गुलामांना मोकळं केलं, त्याच दिवशी ती एक गाठोडं घेऊन टेकडी चढून आली आणि थँकफुलच्या दाराशी म्हणाली, मला चीज येतं. येत होतं. थँकफुलच्या तोलाचं येत होतं, आणि हे थँकफुल स्वतः सांगायची.

"आणि मला यात काय?" थँकफुलने विचारलं.

"तुला?" असाएलने असं विचारलं, जणू गायीनेच प्रश्न केला. "पोस्ट आलं की घरात मान येईल."

"तो तुझा. मला माझं हवं. टिलटसन चीजच्या पेटीला झाकण करणारच. त्यावर डाग देऊन नाव घालायचं. करणारीचं. माझं आणि कँडेसचं. कमिटीची अडतीस नावं कुठे घालायची ती घाला."

"बरं," असाएल म्हणाला. त्याला तेव्हा झाकणाचं काय ओझं वाटणार?

"टिलटसनच्या समोर म्हण."

तो म्हणाला. मी साक्षीला.

निघताना कँडेस बादली घेऊन माझ्या मागे आली. "नाव पूर्ण घालाल?" ती म्हणाली. "व्हॅन अल्स्टसकट. मला ते नाव आवडतं असं नाही. पण माझ्या आईला तेच ठाऊक आहे."

तिची आई कायदा लागू व्हायच्या आधीच दक्षिणेला विकली गेली होती. जॉर्जियाला, असं कुणीतरी म्हटलेलं.

"चीज वॉशिंग्टनला जाणार, जॉर्जियाला नव्हे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. पण तिथे जॉर्जियाची माणसं येतात ना?"

पूर्ण घालतो म्हणालो.

कमिटीची पहिली बैठक तीन तास चालली. नियम ठरला की बँकवाल्याच्या गायीचं थेंबभर दूध या चीजमध्ये पडता कामा नये. बँकवाले म्हणजे जनरलच्या विरोधातले, फिलाडेल्फियाच्या मोठ्या बँकेची कड घेणारे. आमच्या गावात त्यांचा म्होरक्या डीकन ऑरिन पेक. अडतीस गायी, टेकडीवरचं सगळ्यांत गोड कुरण, आणि जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना की रस्सा थंड व्हावा. त्याची बायको टेम्परन्स ही थँकफुलची सख्खी बहीण. दोघींची घरं समोरासमोरच्या उतारांवर, आणि नवऱ्यांचं बँकेवरून फाटल्यापासून दोन वर्षं येणंजाणं बंद.

ऐक्याच्या चीजमधून अर्धं गाव वगळायचं, यात कुणालाच काही खटकलं नाही. खटकली ती एनॉसची बांडी गाय.

"ती तू एप्रिलमध्ये पेककडून घेतलीस," लायमन म्हणाला.

"घेतली. पण व्याली माझ्याकडे."

"जन्म कुठला?"

"पेकच्या गोठ्यातला."

"मग झालं की. जन्माने बँकवाली."

"अरे, जन्माने मी इंग्लंडच्या राजाची रयत," एनॉस उसळला. "म्हणून मला मत नाही?"

दूध गायीचं की गवताचं यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं की मत द्यायला माणसाला सहा महिन्यांचा रहिवास लागतो, गायीला दोन पुरे. बांडी पास झाली. एनॉसने सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजली.

दुसरा वाद माझ्या पट्ट्यावरून. चौकटीभोवतीच्या लाकडी पट्ट्यावर चोवीस राज्यांची नावं रंगवायची होती. साउथ कॅरोलायना घालायचं की नाही? एक जण म्हणाला, गाळा, म्हणजे अक्कल येईल. असाएल म्हणाला, गाळलं तर तेच म्हणत होते ते खरं होईल, आम्ही बाहेर. लायमन म्हणाला, बारीक अक्षरात घाला. बारीक अक्षरात घातलं. पट्टा माझ्या दुकानाबाहेर वाळत ठेवला होता, तेव्हा कँडेस आली आणि म्हणाली, "जॉर्जिया कुठलं?" मी दाखवलं. तिने बोट टेकवलं. रंग ओला होता. जॉर्जियावर तिच्या बोटाचा ठसा राहिला, तो मी पुसला नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस आमच्या टेकडीवर जे झालं तसं मी ना आधी पाहिलं, ना नंतर. पहाटेपासून गाड्या चढायला लागल्या. दुधाची पिंपं हिंदकळत होती, बैलांच्या शिंगांना लाल-निळ्या चिंध्या, पोरं गाडीमागे धावतायत, कुत्री सांडलेलं चाटतायत. बर्डिकच्या अंगणात सात कढया. धूर, वाफ, माश्या, दुधाचा गोड वास. बायका कोपरापर्यंत बाह्या सारून. थँकफुल या कढईतून त्या कढईत करंगळी बुडवत फिरत होती आणि तिच्या मागून कँडेस, वासराच्या जठराचं विरजण मोजून टाकत. "हिला थांबवा. हिच्याखालचा जाळ काढा. हे कापा आता." चक्का कापायच्या लाकडी सुऱ्या फिरत, पिवळसर पाणी सुटत असे, ते डुकरांच्या हौदात जात असे. दोन दिवसांत डुकरं जाडी झाली.

पहिल्या दिवशीचा चक्का फडक्यांत बांधून झऱ्यावरच्या दगडी खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी चौकटीशेजारी शिडी लावली आणि थर बसू लागले. थोडा कालचा, थोडा आजचा, मीठ, पुन्हा चुरून. कँडेस चौकटीत उतरून अनवाणी पायांनी, फडकं घालून, कोपरे दाबत होती. दुपारपर्यंत शेवटची कढई रिकामी झाली. मी काठी घालून मोजलं. वरून पाव भाग रिकामा. थँकफुल म्हणाली होती तेवढाच.

तेवढ्यात हिरवळीवर ढोल वाजला. कर्नल रॅन्सम भाषणाला आले होते. सगळे पुरुष तिकडे धावले, आणि पुरुषांना ढकलून पोरं. असाएल एकदा चौकटीत डोकावला, त्याचा चेहरा चक्क्यासारखा पांढरा झाला.

"भरेल ना?"

"तू भाषण ऐकायला जा," थँकफुल म्हणाली. "पुढे उभा राहा, कर्नलला दिसशील असा."

तो गेला. बायका दाराशी थांबून टाळ्या ऐकत होत्या. कर्नल ऐक्यावर बोलत होते. आवाज मोठा होता, वाऱ्यावर तुकडे येत होते: "एक रक्त... एक झेंडा... कोणताही हात आम्हांला वेगळं..."

मागच्या वाटेने एक गाडी आली. लगाम टेम्परन्स पेकच्या हातात. गाडीत झाकलेल्या चार टोपल्या, खालून पाणी ठिबकतंय. गेल्या आठवड्यात पेकच्या कुंपणापाशी कँडेस जंगली स्ट्रॉबेरी वेचताना मला दिसली होती. स्ट्रॉबेरी तिने फार थोड्या आणल्या होत्या. ती तिथे निरोप द्यायला गेली होती, हे आता मला उलगडलं.

दोघी बहिणी गाडीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. दोन वर्षं.

"मीठ घातलेलं नाही," टेम्परन्स म्हणाली. "तू नंतर कुरकुर करशील म्हणून."

"तू नेहमी जास्त घालतेस."

"आईही घालायची."

"आईचं चीज खारटच असायचं, टेम्पी."

मग दोघी टोपलीचे कान धरून उचलायला लागल्या. मी पुढे झालो तर थँकफुल म्हणाली, "टिलटसन, तुम्ही काही पाहिलं नाही."

"डीकनला?" मी विचारलं.

"त्यांना गायी मोजता येतात," टेम्परन्स म्हणाली. "चक्का नाही. दोन दिवस घरात आहेत, या चीजला शाप मिळावा म्हणून प्रार्थना करतायत. जेवायला हाक मारल्याशिवाय उठणार नाहीत."

दीडशे पौंड. वासाला तोच, हाताला तोच, फक्त जरा जास्त पिवळा, कारण त्यांचं कुरण गोड. कँडेस चौकटीत पुन्हा उतरली आणि दोन्ही घरांचा चक्का पायांनी एक करायला लागली. हिरवळीवर टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा मी वरचं फळकूट बसवत होतो. ते काठाला चिकटून बसलं.

पुरुष परतले. असाएल धापा टाकत, पाय फेकत, सगळ्यांच्या पुढे. त्याने चौकट पाहिली. बायकोकडे पाहिलं. चाळीस फुटी ओंडक्याच्या टोकाला दगडांचं खोकं टांगून दाब दिला, पाणी चोहोबाजूंनी झरझर सुटलं, आणि अंगणात असा जल्लोष झाला की बर्डिकचं घोडं दावं तोडून पळालं. "उत्साह," असाएल लायमनला म्हणाला. "मी म्हटलं होतं, उत्साहाने भरेल." लायमनने हात मिळवला. त्याचा हात गार होता, असं असाएलनेच मला नंतर सांगितलं.

पुढचे चार महिने ते चीज नव्हतं, तान्हं मूल होतं. कप्पीने उचलून दिवसाआड उलटायचं, लोण्याने चोळायचं, माशी बसू नये म्हणून लाल मिरची फासायची. उचलायला चार गडी, पण चोळायला कँडेस, खाली आडवी शिरून, तोंडावर थेंब झेलत. ऑगस्टच्या उन्हाळ्यात तिच्या हातांची साल गेली. सप्टेंबरच्या कवायतीत असाएल उभा राहिला, लायमन ओरडला, "बर्डिक, एकटा कुठे निघालास?" आणि असाएल पहिल्यांदा उत्तरला, "वॉशिंग्टनला, कॅप्टन." लोक त्याच्या बाजूने हसले. त्या दिवशी तो घरी बोलला, म्हणे खूप बोलला.

डीकन पेक चर्चच्या पायरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "ऑक्टोबरच्या आत फुटेल. ज्यात सज्जन माणसाच्या गायीचं दूध नाही, ते टिकत नाही."

टिकलं. ऑक्टोबरच्या मध्यावर, बोटींचा कालवा गोठायच्या आत, आम्ही ते पेटीत ठेवलं. वर माझं झाकण. त्यावर तापल्या सळईने मी डाग दिले होते: करणाऱ्या, थँकफुल बर्डिक. आणि खालच्या ओळीत, कँडेस व्हॅन अल्स्ट. दोन्ही ओळी सारख्याच उंचीच्या. कँडेसला वाचता येत नव्हतं, तिने बोट फिरवून ओळ किती लांब आहे ते पाहिलं.

कालव्याचा धक्का नऊ मैल. बारा बैल, चोवीस झेंडे, ढोल, दोन बासऱ्या. वाटेत प्रत्येक फाट्यावर लोक सामील होत होते. फेअरब्रुकवाले आपली काठी विसरून तोंड उघडून बघत होते. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा हजारभर माणसं असतील, डीकन पेकसकट. फुटलेलं बघायला आला होता. टेम्परन्स गाडीत बसून होती.

कर्नल रॅन्समनी हातमोजे काढले. त्यांच्या हातात चीज तपासायची पोकळ सुरी. बोटीच्या दोराची करकर तेवढी ऐकू येत होती. असाएलचा हात माझ्या दंडावर होता, त्याची नखं मला कोटातून जाणवली. सुरी आत गेली, फिरली, बाहेर आली. वीतभर लांब नळी, लोण्याच्या रंगाची, एक भोक नाही, एक चीर नाही. कर्नलनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले.

"बर्डिक," ते असाएलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या राज्यात यापेक्षा चांगलं चीज मी खाल्लं नाही. तुमचं काम झालं समजा."

टोप्या उडाल्या. एनॉसने ती तेल लावलेली बंदूक एकदाची उडवली. असाएल रडत होता आणि हसत होता. चार माणसांनी झाकण पुढे आणलं, आणि कर्नल वाकून वाचू लागले.

"हे काय?"

"करणाऱ्या," असाएल म्हणाला.

"पत्नीचं नाव ठीक आहे, गोड दिसतं. हे दुसरं? व्हॅन अल्स्ट कोण? त्यांच्याकडे कुणी मुलगी नाही." त्यांची नजर गर्दीतून कँडेसवर गेली आणि त्यांना समजलं. आवाज खाली आला, वडीलधारा झाला. "बर्डिक, जरा विचार करा. तिथे दक्षिणेचे सभासद असणार. गेल्या हिवाळ्यात काय झालं ते आठवतं ना? आताच कुठे सांधलंय. ऐक्याच्या भेटीवर हे नाव पाहिलं तर ते काय म्हणतील? एवढी एक ओळ काढा. बोट अर्ध्या तासात सुटेल."

असाएलने माझ्याकडे पाहिलं. "टिलटसन, तासायची सुरी आहे?"

होती. मी नेहमीच बरोबर ठेवतो. त्याने हात पुढे केला आणि मी दिली. मी नाही म्हणू शकलो असतो, सुरी माझी होती.

दोन्ही मुठी धरून त्याने सुरी ओढली. चांगल्या वाळलेल्या लाकडाची साल एकाच कांबीत निघते. ती लांब, गुंडाळलेली, काळ्या अक्षरांची साल धक्क्याच्या फळ्यांवर पडली. कँडेस जिथे होती तिथेच उभी राहिली. कुणी तिला काही विचारलं नाही.

"आता माझंही काढ," थँकफुल म्हणाली.

"थँकफुल, गप्प बैस."

"काढ. तिचं नाही तर माझं कसं? पाय तिचे होते, हात तिचे होते." मग ती कर्नलकडे वळली, आणि आवाज चढवला नाही तरी सगळ्यांना ऐकू गेला. "कर्नलसाहेब, दक्षिणेच्या मंडळींना आणखी एक सांगा. तुम्ही आत्ता खाल्लंत त्यातला चौथा भाग डीकन पेकच्या गायींचा आहे. दीडशे पौंड. तुम्ही तिकडे ऐक्यावर बोलत होतात तेव्हा माझ्या बहिणीने आणला. जनरलवाल्यांच्या गायींनी चौकट भरत नव्हती."

गाडीतून टेम्परन्स म्हणाली, "एकशे बावन्न."

डीकन पेकचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग चीजकडे, मग त्या नितळ नळीकडे. पाच महिन्यांची प्रार्थना त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावी. शेवटी त्याने गळा साफ केला. "म्हणूनच टिकलं," तो म्हणाला.

पहिल्यांदा फेअरब्रुकवाले हसले. मग सगळे. कर्नलही हसले, कारण बोट तयार होती, बँड बोटीवर चढला होता, आणि सहाशे पौंडांचं चीज हजार लोकांसमोर परत पाठवता येत नाही. झाकण पालथं करून ठोकलं गेलं, कोरी बाजू वर. पण असाएलच्या खांद्यावर त्यांनी पुन्हा हात ठेवला नाही. लायमन त्यांच्या शेजारी कधी जाऊन उभा राहिला ते मला दिसलंच नाही.

परतीची वाट नऊ मैलच होती. असाएल सबंध वाट चालत आला, बैलगाडी मोकळी असून. थँकफुल बहिणीच्या गाडीत बसून आली, दोघी मिठावरून भांडत होत्या. कँडेस बैलांबरोबर चालत होती, ॲप्रनच्या खिशात काहीतरी धरून.

हिशेब मग असा झाला. चीज जनरलच्या दिवाणखान्यात दोन तासांत संपलं आणि गालिच्याला वास राहिला, असं वर्तमानपत्रात आलं. ते वर्तमानपत्र गावात सगळ्यांच्या आधी लायमनने वाचलं, कारण पोस्ट त्याच्या खानावळीत आलं. कर्नलना वाहवा मिळाली. डीकनला उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढी गोष्ट मिळाली, तो ती प्रार्थनेनंतर सांगतो. थँकफुलला बहीण मिळाली. असाएल पुढच्या सप्टेंबरला पुन्हा रांगेत उभा राहिला आणि पोस्टमास्तर झालेल्या लायमनऐवजी नवा कॅप्टन तेच ओरडला. असाएलने आपल्या वाट्याची किंमत मोजली, यात शंका नाही.

धक्क्यावरून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप्पी परत आणायला बर्डिककडे गेलो. अंगणात दव पडलेलं, सरपण ओलं. कँडेस कढईखाली फुंकत बसली होती. तिने ॲप्रनच्या खिशातून ती साल काढली, उलगडून एकदा बोट फिरवलं, शेवटपर्यंत, आणि जाळात घातली.

"चांगलं वाळलेलं होतं," ती मला म्हणाली. "लगेच धरलं."

मग उठून विरजण मोजायला गेली.